बागेतल्या मांगराला पाया कोणता घालावा

कोकणात नवी जागा घेतली की घराच्या आधी गरज पडते ती एका लहानशा खोलीची. पंप, पाइप, गवत कापायचं यंत्र, खताच्या गोण्या, उतरवलेले नारळ, दोन-चार खुर्च्या, हे सगळं कुठेतरी कोरडं राहायला हवं. सिंधुदुर्गात तिला मांगर म्हणतील, अलिबागकडे नुसतं शेड. पत्रे कोणते घ्यायचे आणि रंग कोणता द्यायचा यावर आठ-आठ दिवस खल होतो. पाया मात्र ‘ते गवंडी बघेल’ म्हणून सोडून दिला जातो. गवंडी बघतोच, पण तो त्याच्या हाताला बसलेला पाया घालतो. चिरेकाम करणारा चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचं, जोतं उठवेल, फॅब्रिकेशनवाला चार खड्डे खणून त्यात पाइप उभे करेल. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. तुमच्या जमिनीला त्यातली कोणती चालेल, हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. घराचा पाया वजन पेलायला असतो. मांगराला मुळात वजनच कमी. त्याच्या पायाला कोकणात दोन वेगळी कामं करायची असतात. आषाढात आजूबाजूला पाणी तुंबलं तरी आतली जमीन कोरडी ठेवायची, आणि वादळाने छप्पर वर खेचलं तर ते खाली धरून ठेवायचं. पाण्याचा विचार बहुतेक जण करतात. वाऱ्याचा विचार पत्रे शेजाऱ्याच्या वाडीत सापडल्यावर सुरू होतो.

आधी ठरवा, आत काय राहणार

नुसती अवजारं ठेवायची असतील तर गोष्ट वेगळी आणि पन्नास किलोच्या वीस गोण्या एका कोपऱ्यात रचायच्या असतील तर वेगळी. त्या वीस गोण्या म्हणजे एक टन, आणि तो सगळा भार तीन-चार चौरस मीटरवर. छपरावर हजार लिटरची पाण्याची टाकी चढवायची असेल तर आणखी एक टन, तोही उंचावर. माझं स्पष्ट मत आहे की टाकी मांगरावर ठेवू नये. तिला बाजूला स्वतंत्र चौथरा द्यावा. मांगराचा पाया त्यामुळे निम्म्याने सोपा होतो.

आत कोणी झोपणार असेल, मोरी-संडास येणार असेल, तर तो मांगर राहिला नाही, ते घर झालं. त्याला अभियंता लागेल आणि परवानगीही. परवानगीचं म्हणाल तर ग्रामपंचायतीत आधी जाऊन विचारा. बांधकाम लहान आहे म्हणून नियम लागत नाहीत असं नसतं. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येतो, खाडीकाठालाही ते नियम लागू आहेत. कांदळवनाच्या कडेला तर खड्डासुद्धा मारू नका.

जागा पावसात बघा

जमीन बहुतेक जण जानेवारी ते मे या महिन्यांत बघतात. तेव्हा सगळीच जमीन चांगली दिसते. जुलैत तीच जागा बघितली तर पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठून निघून जातं हे अर्ध्या तासात कळतं. शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या आणि दसरा-दिवाळीनंतर काम काढा. तेव्हा जमीन अजून ओलसर असते, खणायला सोपी जाते, आणि काँक्रीटला मार्च-एप्रिलचं ऊन खावं लागत नाही.

थांबणं जमत नसेल तर जमीन स्वतःच बरंच सांगते. चिऱ्याच्या गडग्यावर (कुंपणाच्या भिंतीवर) शेवाळ सुकून काळी पडलेली रेघ कुठवर आहे ते बघा. माडाच्या बुंध्यावर चिखलाचा डाग किती उंच आहे ते बघा. उन्हाळ्यातही जिथे लव्हाळा हिरवा आहे तिथे खाली ओल आहे, ती जागा सोडा. शेजाऱ्याला विचारा की श्रावणात विहिरीचं पाणी कुठवर येतं. उत्तर ‘काठाला, हाताने घेता येतं’ असं आलं, तर तुमच्या पायाचा खड्डाही त्या दिवसांत भरलेलाच असणार. सिंधुदुर्गातले जुने गवंडी जागेवर आल्यावर फीत काढायच्या आधी विचारतात, ‘पाणी खंय जाता तां आधी बगूया.’ असा गवंडी मिळाला तर त्याला सोडू नका.

झाडांचंही बघून घ्या. माडाची मुळं तंतूसारखी असतात, ती जोतं उचलत नाहीत, पण वरून पडणारा नारळ आणि झावळ पत्र्याला भोक पाडतात. माडाच्या घेरातून बाहेर जागा काढा. आंब्याच्या कलमाच्या फांद्यांखाली पाया खणला तर मूळ तुटतं, झाड आजारी पडतं. वड-पिंपळाच्या जवळ तर अजिबात नको, त्यांची रोपं चिऱ्याच्या सांध्यात कशी रुजतात ते कोणत्याही जुन्या वाड्याच्या भिंतीवर बघायला मिळतं.

दोन फूट खणून बघा

जागा ठरली की तिच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांना दोन-दोन फूट खोल खड्डे घ्या. एकच खड्डा पुरत नाही, कोकणात दहा फुटांवर जमीन बदलते. तळाशी पहार मारून बघा. ठण्ण वाजली तर कातळ. जोर लावल्यावर बोट-दोन बोटं गेली तर घट्ट मुरमाड जमीन. सरसर गेली तर खाली भराव तरी आहे किंवा चिकण गाळ. मग दोन बादल्या पाणी ओता. अर्ध्या तासात जिरलं तर उत्तम, दुसऱ्या दिवशीही तसंच असलं तर पावसाळ्यात तुमचा पाया पाण्यात उभा राहणार हे धरून चाला.

आता खड्ड्यात काय लागलं त्यावर पुढचा निर्णय.

तांबडी मुरमाड माती: चिऱ्याचं जोतं

कोकणात सगळ्यात जास्त जागांवर हीच जमीन आहे आणि तिला सगळ्यात जास्त मानवतं ते आपलं जुनं चिऱ्याचं जोतं. दीड फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल चर चारही बाजूंनी खणायचा, तळ ठोकून घ्यायचा, त्यावर चार इंच काँक्रीट, त्यावर चिरे. जमिनीच्या वर जोतं किती काढायचं? पाणी चढतं त्या रेघेच्या वर किमान एक फूट. रेघच नसेल, म्हणजे पाणी तुंबतच नसेल, तरी दीड फूट ठेवा. कारण पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून फूटभर उडतं आणि खालच्या भिंतीला चार महिने भिजवत राहतं.

चिरा घेताना डोळे उघडे ठेवा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून ताजा काढलेला चिरा थेट पायात घालू नका, काही महिने उघड्यावर ठेवलेला मागा. गाडी उतरताना पाच-सहा चिऱ्यांवर हातोडीने टिचकी मारा. चांगला चिरा खणखणीत वाजतो, कच्चा चिरा भद्द आवाज करतो. पिवळ्या-पांढऱ्या चिकण मातीचे मोठे डोळे असलेला चिरा बाजूला काढा. दोन पावसाळ्यांत ती माती धुऊन जाते आणि चिऱ्याची जाळी उरते. असले चिरे फेकायची गरज नाही, गडग्याला वापरा. मापं खाणीखाणीप्रमाणे थोडी बदलतात, त्यामुळे नग मोजून मागवण्यापेक्षा एका खाणीचा चिरा एकदम घ्या. दुसरी गाडी दुसरीकडून आणली की थर जुळत नाहीत आणि गवंडी दिवसभर छिन्नी चालवत बसतो. त्याची मजुरी तुम्हीच देणार.

जांभा पाणी पितो. जोत्याच्या माथ्यावर काही न करता भिंत चढवली तर ओल वर चढते आणि गिलाव्याला लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून तो झडतो. म्हणून जोत्याच्या माथ्यावर चारही बाजूंनी तीन-चार इंचांचा काँक्रीटचा पट्टा फिरवा, त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर मिसळा. या पट्ट्याचा दुसरा आणि मोठा उपयोग असा की छपराचे खांब धरणारे बोल्ट यातच गाडता येतात. नुसत्या चिऱ्यात बोल्ट ठोकला तर तो धरत नाही. मात्र पट्टा निव्वळ चिऱ्यांवर ठेवलेला असेल तर वादळात पट्ट्यासकट छप्पर उठू शकतं. म्हणून कोपऱ्यांत चिऱ्याऐवजी खालपासून काँक्रीटचा चौकोनी खांब भरून घ्यावा आणि पट्टा त्याच्या सळ्यांना बांधावा.

कातळ आणि सडा: खणू नका

रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळांवर, वीतभर मातीखाली कातळ लागतो. इथे लोक ब्रेकर लावून चर फोडतात. पैसे जातात आणि फायदा शून्य, कारण कातळापेक्षा चांगला पाया तुम्ही काय घालणार! पृष्ठभाग लोखंडी ब्रशने घासून स्वच्छ करा, त्यावर थेट काँक्रीटचा पट्टा किंवा चिऱ्याचा थर बसवा. धरण्यासाठी खांबाच्या जागी कातळात ड्रिलने फूट-सव्वा फूट खोल भोकं पाडून १२ मिलिमीटरच्या सळ्या केमिकल अँकरने (भोकात भरायच्या चिकट रसायनाने) बसवायच्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पसरणारे फास्टनर जांभ्यात वापरू नका. ते काँक्रीटसाठी असतात, जांभा सच्छिद्र असल्याने भोकाची भिंतच चुरडते. ड्रिल करताना पोकळी लागली तर भोक अर्धा फूट सरकवा. पहार आपटल्यावर आवाज पोकळ येत असेल तर कातळाचा थर पातळ आहे आणि खाली चिकण माती, तिथे मांगर दोन-चार फूट बाजूला घ्या.

सड्यावर पाणी जिरत नाही, ते चादरीसारखं वाहत येतं. मांगराच्या चढाच्या बाजूला चिऱ्याचा एक थर तिरका लावून त्या पाण्याला वळण द्या. आणि कातळ साफ करताना त्यावर कोरलेल्या रेघा, माशाचे, प्राण्याचे, माणसाचे आकार दिसले तर काम तिथेच थांबवा. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे या गावांतली कातळशिल्पं आता जगाला माहीत आहेत, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. पण सड्यावरच्या प्रत्येक खडकाची अजून पाहणी झालेली नाही. पुरातत्त्व खात्याला कळवा आणि मांगर दुसरीकडे बांधा.

पुळण आणि किनाऱ्याची वाडी: स्लॅब किंवा खांब

दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, गुहागरची आगरं, मालवणची किनारपट्टी, इथे खाली वाळू आहे. वाळूला उगाच बदनाम केलं जातं. जागच्या जागी कोंडलेली वाळू भार उत्तम पेलते. अडचण तेव्हा होते जेव्हा पावसाचं पाणी तिला कडेने धुऊन नेतं आणि पायाखाली पोकळी होते. म्हणून इथे कडा जाड असलेला काँक्रीटचा स्लॅब घाला. मधली जाडी चार इंच, पण चारही कडांना फूटभर रुंद आणि फूटभर खोल कठडा खाली उतरवायचा. तो वाळूला आत कोंडून ठेवतो आणि खांबांच्या बोल्टना पकडायला जाड काँक्रीट देतो.

हिशोब करून दाखवतो. मांगर दहा बाय बारा फुटांचा धरा, म्हणजे १२० चौरस फूट, चार इंच जाडीला ४० घनफूट काँक्रीट. कडांची जास्तीची जाडी धरली तर आणखी २७. एकूण ६७ घनफूट, म्हणजे १.९ घनमीटर. एकास दीड आणि तीन या प्रमाणात मिसळलं तर साधारण १५ पोती सिमेंट, ३० घनफूट वाळू, ६० घनफूट खडी. वाळू आणि खडी ब्रासवर येते, ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे दोन्ही सुटे मागवण्यापेक्षा जवळच्या कुणाचं काम चालू असेल तर त्याच्याबरोबर वाटून घ्या. स्लॅबखाली सहा इंच दगडाचं सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, त्याला आणखी ६० घनफूट.

याच जमिनीवर श्रावणात पाणी वीतभर चढत असेल, तर स्लॅब सोडा आणि सुट्या काँक्रीटच्या खांबांवर मांगर उचलून धरा. खालून पाणी जाऊ द्या. आतली जमीन फळ्यांची किंवा सिमेंट शीटची करता येते. यात आत वजन कमी ठेवावं लागतं आणि चढायला पायऱ्या लागतात, पण पाणी अडवण्याच्या भानगडीतून सुटका होते.

खाजण आणि भराव

खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनीत, बांधू नका. चिकण खारवट गाळ पावसात फुगतो, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडतात, आणि लोखंड बघता बघता खाऊन टाकतो. दुसरी जागा नसेलच तर एका खोलीसाठीही अभियंत्याला दाखवा.

भरावाचं जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या प्लॉटवाल्यांना हीच जमीन मिळते आणि ती ओळखता येत नाही. डोंगरउतारावर प्लॉट पाडताना वरची बाजू कापून ती माती खालच्या बाजूला पसरतात. वरून सपाट हिरवळ दिसते. मांगर नेमका अर्धा कापलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धा भरावावर आला की पहिल्याच पावसाळ्यात भरावाकडची बाजू खचते आणि बरोबर मधून भेग जाते. खड्डा खणल्यावर प्लास्टिकचे तुकडे, चिऱ्याच्या कपऱ्या, झाडांची मुळं एकमेकांत मिसळलेली दिसली तर तो भराव आहे. मांगर संपूर्ण कापलेल्या बाजूला सरकवता आला तर प्रश्नच मिटला. नाही तर प्रत्येक खांबाचा खड्डा भराव भेदून मूळ जमिनीपर्यंत न्या, मग तो तीन फूट का होईना. नुसता रोलर फिरवून दोन दिवसांत ‘बसवलेल्या’ भरावावर विसंबू नका, त्याला निदान दोन पावसाळे द्या.

वारा किती ओढतो

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. मोठ्या वादळांचे महिने मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा हे आकडे एकदा नीट वाचा.

वारा ताशी १२० किलोमीटर धरा. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. दहा बाय बाराच्या मांगराला सगळीकडून फूटभर पत्रा बाहेर काढला तर छप्पर १२ बाय १४, म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर. वर खेचणारा जोर दाबाइतकाच धरला तरी तो एक टनाच्या वर जातो. पत्रे आणि लोखंडी सांगाडा मिळून वजन असतं अडीचशे किलोच्या आसपास. राहिलेलं आठशे किलो कुणी धरायचं? पायाने. बाजू उघड्या असतील तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो, मग जोर आणखी वाढतो.

सहा खांब आहेत आणि प्रत्येकाखाली दीड बाय दीड फूट, दोन फूट खोल काँक्रीट भरलंय असं समजा. एका खड्ड्यात साडेचार घनफूट काँक्रीट, वजन ३०० किलो. सहांचं मिळून १८०० किलो, म्हणजे भरपूर. पण हाच ठोकळा पाण्याने भरलेल्या जमिनीत बुडाला की पाणी त्याला उचलून धरतं आणि तो १८० किलोइतकाच धरतो. सहांचे झाले हजार-अकराशे. अगदी काठावर. म्हणून पाणी चढणाऱ्या वाडीत दोन बाय दोन बाय दोन फुटांचे खड्डे घ्या. सुक्यात साडेपाचशे किलो, पाण्यातही तीनशेच्या वर. सिमेंटची चार-सहा पोती जास्त जातील, तेवढीच.

वर सांगितलेला जाड कडांचा स्लॅब साडेचार टनांचा आहे, त्यामुळे तो उचलला जायची भीती नाही. पण छप्पर त्याला बांधलेलं असेल तरच त्या वजनाचा उपयोग. खांबाच्या पायाशी बेसप्लेट (जाड लोखंडी पट्टी), प्रत्येक प्लेटला १२ मिलिमीटरचे चार जे-बोल्ट (खालचं टोक वाकवलेले), निदान फूटभर काँक्रीटमध्ये गाडलेले. बोल्ट साधे काळे नकोत. गरम जस्तात बुडवलेले मागा, आणि दुकानदार चकाकणारे पातळ मुलाम्याचे दाखवू लागला तर परत करा. समुद्राच्या हवेत ते दोन-तीन पावसाळेही तग धरत नाहीत. पागोळी लांब ठेवण्यासाठी पत्रा बाहेर काढायचा मोह होतो, पण बाहेर आलेला प्रत्येक फूट वाऱ्याला धरायला दांडा देतो. दीड फुटाच्या पुढे जाऊ नका.

प्रत्यक्ष काम

खुंट्या ठोकून लाइनदोरी बांधा. गवंड्याकडे गुण्या (काटकोन मोजायचं साधन) असतोच, तरी कर्ण स्वतः मोजा. दहा बाय बाराला दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंच भरले पाहिजेत. दोन्हींत बोटभर फरक पडला तर खुंटी सरकवून पुन्हा मोजा. तो फरक पत्रे बसवताना हातभर दिसतो. पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून काढा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

सोलिंगचे दगड हाताने उभे बसवून, फटींत कपऱ्या ठोकून घ्या. गाडीतून ओतून वरून मुरूम टाकला तर ते सोलिंग नव्हे. जोत्याच्या आत माती भरताना सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस (माती ठोकून बसवायचं जड अवजार). भरायला खणलेली काळी, पालापाचोळ्याची माती वापरू नका, ती कुजते आणि बसते.

काँक्रीटमध्ये समुद्राची किंवा खाडीची वाळू नको. त्यातलं मीठ सळईला आतून खातं. नदीची वाळू किंवा क्रश सँड घ्या. मचूळ विहिरीचं पाणीही नको. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या किती विहिरी मचूळ होतात ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको, गरज पडली तर टँकर मागवा. सिमेंट स्लॅग (भट्टीच्या मळीचं) किंवा पीपीसी (राख मिसळलेलं) प्रकारचं घ्या, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. पन्नास किलोच्या पोत्याला पाणी २२ ते २५ लिटर, त्यावर नाही. मिस्त्री मिश्रण पातळ मागेल, कारण पातळ ओतायला सोपं. देऊ नका.

सळई असेल तिथे ती काँक्रीटच्या कडेपासून दोन इंच आत राहिली पाहिजे. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक मिळतात. दगडाचा तुकडा किंवा फुटलेला चिरा खाली सरकवून भागवतात, ते चालणार नाही. चिरा पाणी शोषून थेट सळईला पाजतो.

ओतल्यावर दहा दिवस पाणी. कडेने वाळूची आळी करून स्लॅबवर बोटभर पाणी उभं ठेवा, किंवा गोणपाट ओलं ठेवा. मुंबईहून शनिवार-रविवार येणाऱ्यांनी हे काम गावातल्या कुणाला तरी पैसे देऊन सोपवावं. नुसतं ‘बघ हां जरा’ म्हणून झालं नाही तर त्याच्यावर रागवायचा हक्क तुम्हाला नाही.

लाकडी खांब असतील तर ते काँक्रीटमध्ये गाडू नका, साग असो वा ऐन. गाडलेल्या लाकडाच्या कडेने पाणी उतरतं आणि जमिनीलगतच ते कुजतं. जुन्या घरांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो तो याचसाठी. आपल्याकडे त्याच्या जागी लोखंडी बूट वापरा, काँक्रीटपासून दोन इंच उचललेला. लोखंडी पाइप असेल तर तो काँक्रीटला भेटतो तिथे माथा उतरता करा, म्हणजे पाणी साचणार नाही.

वाळवीचा बंदोबस्त पायातच करायचा असतो, फरशी झाल्यावर नाही. आत माती भरून झाली की सोलिंगच्या आधी परवानाधारक कीडनियंत्रकाकडून फवारणी करून घ्या. विहीर जवळ असेल तर त्याला आधी सांगा, औषध विहिरीत जाता कामा नये. खणताना निघालेली मुळं, लाकडाच्या खुंट्या, साच्याच्या फळ्यांचे तुकडे भरावात पुरून टाकायची मजुरांची सवय असते. तेवढं एक जातीने उभं राहून काढून घ्या. वाळवीला तेच लागतं.

पागोळी पडते तिथे मांगराच्या चारी बाजूंनी दीड फूट रुंद खडीचा पट्टा, आणि त्याच्या बाहेर उताराकडे जाणारा चर. मे अखेरीस चर साफ करा, बोल्ट पान्याने आवळून घ्या, पत्र्यांचे हुक तपासा. पहिल्या जोराच्या पावसानंतर जोत्यावर बारीक तडे दिसले तर त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. गणपतीपर्यंत तडा खुणेपलीकडे गेला नाही तर तो सुकताना पडलेला आहे, दर्जा भरून, म्हणजे फट सिमेंटने बुजवून टाका. खुणेपलीकडे गेला किंवा रुंदावला, तर त्या कोपऱ्याच्या बाहेर खणून खाली पाणी कुठून येतं ते शोधा. वरून सिमेंट फासायचं नंतर बघू.